स्पायरोनोलॅक्टोन: चाचणीतले रुग्ण आणि माझी ७९ वर्षांची आई

पारिजातक:
आईला मधुमेह आहे. हृदयाचे पंपिंग कमी झाल्यामुळे डॉक्टरांनी तिला गेल्या महिन्यात स्पायरोनोलॅक्टोन सुरू केले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राल्स’ या औषधचाचणीत या गोळीमुळे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले, हे वाचून धीर आला होता. पण त्या रुग्णांचे सरासरी वय ६५ होते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती मंदावले ते दाखवणारा रक्तातला आकडा) २.५ च्या वर असलेल्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. आईचे १.८ आहे. मग तो निष्कर्ष तिला कितपत लागू पडतो?

जुना फिजिशियन:
आपली शंका रास्त आहे. ही गोळी मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर पडू देत नाही, आणि सोबत रामिप्रिलसारखे रक्तदाबाचे-हृदयाचे औषध असले, शिवाय वयाने व मधुमेहाने मूत्रपिंड थकलेले असले, की ते रक्तात साठत जाते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात राल्सनंतर नेमके हेच घडले. हृदय निकामी होत चाललेल्या वृद्धांमध्ये १९९४ साली दर हजारी ३४ असलेली या गोळीची प्रिस्क्रिप्शन्स २००१ पर्यंत १४९ झाली आणि पोटॅशियम वाढल्याने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण हजारी २.४ वरून ११ वर गेले. चाचणीत पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी रक्त तपासले जात होते. बाहेरच्या रुग्णांच्या नशिबी तेवढी देखरेख क्वचितच असते.

आकडेमोड:
ओंटारिओचे उदाहरण खरे असले तरी अर्धेच आहे. स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागातही प्रिस्क्रिप्शन्स वाढली, पण रक्ततपासण्याही वाढल्या आणि भरतीचे प्रमाण तसे चढले नाही. शिवाय ‘३० टक्के’ हा सापेक्ष आकडा झाला. सरासरी दोन वर्षांत गोळी न घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के दगावले, घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के, म्हणजे शंभरामागे अकरा जीव वाचले. वृद्धांचा मूळ धोकाच मोठा असल्याने त्यांचा लाभ कमीच असेल असे गृहीत धरू नये. मात्र राल्समधले ते सगळे गंभीर लक्षणे असलेले, ३५ किंवा त्याहून कमी इजेक्शन फ्रॅक्शनचे (हृदय दर ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) रुग्ण होते. वयापेक्षा आधी आईच्या टूडी इकोतला हा आकडा पाहावा.

सांजवेळ:
आमच्या बाबांच्या बाबतीत मीठ कमी करा म्हणून सांगितले गेले, तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने कमी सोडियमचे मीठ आणले. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. वर रोज एक शहाळे, त्यातही पोटॅशियमच. पोटॅशियम ६.१ झाले आणि दोन दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले.

पारिजातक:
इजेक्शन फ्रॅक्शन ३० आहे. स्वयंपाकघरातली मिठाची पिशवी उलटी करून पाहिली, तर बारीक अक्षरांत पोटॅशियम क्लोराइड लिहिलेले सापडले. महिनाभरात एकदाही पोटॅशियम तपासलेले नाही. आज डॉक्टरांशी फोनवर बोलले. गोळी तूर्त चालू ठेवायची की नाही ते रिपोर्ट पाहून सांगतो म्हणाले. उद्या सकाळी सात वाजता रक्त द्यायचे आहे.