मिनी ट्रॅक्टरचा लोडर दमतोय – मोठा पंप टाकू का?

थॉमसनवाला (ता. निफाड)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २७ एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर आहे. घेतला होता द्राक्षबागेतल्या नऊ फुटी ओळीत ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालवायला. गड्यांची बोंब झाल्यावर गेल्या वर्षी पुढे लोडर (माल उचलायची बकेट) बसवून घेतला. कंपनीचा नाही, इकडच्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून. ऑइल ट्रॉलीच्या टिपिंग लाइनवरून (ट्रॉली उलटायच्या पाइपवरून) घेतलंय, दोन लिव्हरचा वॉल्व्ह आहे, उचलायचे दोन जॅक ५० एमएम बोअरचे (आतला व्यास), स्ट्रोक म्हणजे दांडा बाहेर येतो तो दीड फुटाच्या आसपास.

काम फार नाही. खरड छाटणीच्या आधी शेणखत ट्रॉलीत भरायचं, छाटलेल्या काड्यांचा ढीग सारायचा, कधी मुरूम. तर तक्रार अशी:

रिकामी बकेटसुद्धा रमतगमत वर जाते. ओलं शेणखत भरलं की कमरेपर्यंत येते आणि तिथेच बसते. इंजिन दबत नाही, काळा धूर नाही, नुसती वॉल्व्हमधून शिट्टी. थंडीत सकाळी पहिली पंधरा-वीस मिनिटं पंपातून घरघर येते, मग थांबते. आणि बकेट वर ठेवून चहाला गेलं तर येईपर्यंत वीतभर खाली आलेली असते.

फॅब्रिकेशनवाला म्हणतो पंप छोटा आहे, मोठा टाका. सर्व्हिसवाल्याला विचारलं तर तो आधी लोडरकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि वॉरंटीचं भाषण देतो. पंपाला पैसे घालायच्या आधी इथे विचारावं म्हटलं.

बागायतदार_चांदवड

भाऊ, आमच्या गावात एकाने ६८ नंबरचं जाड हायड्रॉलिक ऑइल टाकलं, तर ताकद वाढली म्हणे. नाहीतर सरळ ६० एमएमचे जॅक टाका. पंपाला हात लावायचीच गरज नाही.

अंबडचा फिटर

ऑइलचं आधी सांगतो, कारण ते काम उद्याच कोणीतरी करून बसेल. या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल बहुतेक एकच असतं आणि ब्रेक त्याच ऑइलात बुडालेले असतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल टाकायचं. ६८ टाकलंत तर ब्रेक किंचाळायला लागतील, आणि निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो तेव्हा पंपाला ते जाड ऑइल खेचताना आणखी त्रास. तुमची सकाळची घरघर तीच आहे. पंपाला पुरेसं ऑइल येत नाही, नाहीतर कुठूनतरी हवा शिरतेय. सक्शनची (पंप ऑइल खेचतो त्या बाजूची) जाळी काढून धुवा, सक्शन पाइपचे क्लिप आवळा, ऑइलची पातळी बघा. डिपस्टिकवर फेस दिसला तर हवा, दुधासारखं पांढुरकं ऑइल दिसलं तर पाणी.

आता मूळ दुखणं. हळू जाणं आणि कमी उचलणं हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं. वेग येतो पंप मिनिटाला किती लिटर देतो त्यावर, ताकद येते प्रेशरवर. मोठा पंप प्रेशर वाढवत नाही, फक्त लिटर वाढवतो. तुमची बकेट जिथे अडते तिथे मोठ्या पंपानेही तिथेच अडेल, फक्त लवकर जाऊन अडेल.

५० एमएमच्या जॅकचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी. दीड फूट स्ट्रोक धरला तर दोन जॅक भरायला पावणेदोन लिटर ऑइल लागतं. तुमच्या मापाच्या ट्रॅक्टरचा पंप पूर्ण आरपीएमला साधारण २० लिटर मिनिटाला देतो असं धरा, म्हणजे पाच-साडेपाच सेकंदांत बकेट वर. पण गिअर पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. अर्ध्या आरपीएमवर त्याच कामाला दहा-अकरा सेकंद. तुम्ही लोडर चालवताना हँड थ्रॉटल कुठे ठेवता ते लिहिलं नाहीत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक डिझेल वाचवायला आयडलच्या जरा वर ठेवून लोडर चालवतात आणि पंपाला शिव्या देतात.

ताकदीचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. इंजिन दबत नाही आणि शिट्टी येते. म्हणजे पंप जोर लावतोय, रिलीफ वॉल्व्ह उघडून ते ऑइल परत टाकीत पाठवतोय. पंप मेलेला असता तर शिट्टी वाजलीच नसती. आता रिलीफ कितीवर उघडतो ते बघायचं. ० ते २५० बारचं प्रेशर गेज घ्या, टी (तीन तोंडी जोड) टाकून लोडर वॉल्व्हच्या इनलेटला लावा. ऑइल गरम झालं की बकेट पूर्ण आत वळवा, शेवटाला लिव्हर दोन सेकंद धरा, आकडा वाचा, सोडा. मिनिटभर धरून बसू नका, ऑइल तापतं. मग तेच गेज थेट टिपिंगच्या कपलरला (पाइप जोडायच्या तोंडाला) लावून ट्रॅक्टरचं स्वतःचं प्रेशर बघा. रिलीफ दोन असतात, एक ट्रॅक्टरचा, एक लोडर वॉल्व्हचा. जो कमी तोच राज्य करतो. कपलर पूर्ण बसलाय का तेही बघा, अर्धवट बसलेला कपलर निम्मं ऑइल अडवतो.

६० एमएमच्या जॅकबद्दल: ताकद ४४ टक्के वाढेल हे खरं, पण ऑइलही तेवढंच जास्त लागेल, म्हणजे आधीच रमतगमत जाणारी बकेट आणखी रमेल. आणि मोठ्या पंपाचं म्हणाल तर २० लिटर १५० बार प्रेशरला चालवायला जवळपास सात एचपी लागतात, ३० लिटरला दहा. २७ पैकी दहा पंपाने खाल्ले तर ढिगात घुसायला काय उरणार?

वीतभर खाली येणं म्हणजे जॅकचं सील किंवा वॉल्व्हचा स्पूल (आतला सरकणारा दांडा). स्पूल थोडं सोडतोच, जॅकचं सील तपासून घ्या. एक कळकळीने सांगतो, होज पाइपला बारीक गळती शोधताना हात फिरवू नका. पुठ्ठा धरा. प्रेशरचं ऑइल सुईसारखं कातडीत घुसतं, वरून टिपका दिसतो आणि बोट कापायची वेळ येते. तसं झालं तर दुखत नसलं तरी थेट मोठ्या दवाखान्यात.

दिंडोरीचा_गडी

फिटरभाऊंनी सगळं सांगितलं, माझं फक्त मागच्या वजनाचं. मीही बागेतच लोडर चालवतो. मागे रोटाव्हेटर जोडून जमिनीपासून थोडा उचलून ठेवतो. काही न जोडता ढिगात घुसलं की मागची चाकं गरगर फिरतात आणि वाटतं लोडरला दम नाही. शिवाय सगळं ओझं पुढच्या एक्सलवर येतं. मिनी ट्रॅक्टरचा एक्सल ब्लोअर ओढायला बनवलाय, दोन-तीन क्विंटल ओलं शेणखत हवेत धरून वळायला नाही. बकेट भरली की गुडघ्याच्या उंचीवर ठेवून चालवायचं, ट्रॉलीपाशी गेल्यावरच वर न्यायची. गेल्या हंगामात आमच्या शिवारात एकाचा ट्रॅक्टर उतारावर कलंडला. माणूस वाचला, नशीब.

थॉमसनवाला (ता. निफाड)

गेज पिंपळगावला मिळालं. लोडर वॉल्व्हला ११५, ट्रॅक्टरच्या कपलरला १६०. मॅन्युअलमध्येही १६० च्या जवळपासच दिलंय. म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याने वॉल्व्ह जसा डब्यातून निघाला तसाच बसवला.

सक्शनची जाळी काढली तर त्यात पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे धागे अडकलेले, आणि काळा चिखल. धुऊन बसवली. थ्रॉटल वाढवून बघितला, रिकामी बकेट सहा सेकंदांत वर. पंप राहिला बाजूला. रिलीफ किती आवळू? रिटर्नचा (ऑइल परत टाकीत नेणारा) पाइप दोन सुती (पाव इंची) आहे, इनलेट तीन सुती, चालेल?

अंबडचा फिटर

टेफ्लॉन टेप हायड्रॉलिकला लावणाऱ्याला एकदा मला भेटायचंय. त्याचा धागा स्पूलमध्ये गेला तर वॉल्व्ह फेकावा लागतो. सगळे जोड उघडून टेप काढा, कॉपर किंवा बॉन्डेड वॉशर टाका.

रिलीफ १५० च्या वर नेऊ नका, ट्रॅक्टरच्या रिलीफपेक्षा थोडा खालीच राहू द्या. लॉक नट सैल करून पाव आटा फिरवायचा, गेज बघायचं, परत पाव आटा. ११५ वरून १५० म्हणजे तीस टक्के जास्त जोर. तेवढा जोर आर्मच्या वेल्डिंगवर, ब्रॅकेटच्या बोल्टवर आणि पुढच्या एक्सलवरही येणार, म्हणून आधी ब्रॅकेटची वेल्डिंग पुसून नीट बघा. केसासारखी रेघ दिसली तर आधी ती भरून घ्या, रिलीफ नंतर.

दोन सुती रिटर्न चालणार नाही. परत जाणाऱ्या ऑइलला वाट अरुंद म्हणून ते तापतं आणि पंपावर उलटा दाब येतो. चार सुती टाका. दुकानात येताना जुना पाइप टोकांसकट आणा, आटे बीएसपी (इंची मापाचे) आहेत की मेट्रिक ते फोटोवरून कळत नाही.