भगंदराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी साखर आणि विडी : किती थांबावे?

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाच्या (वय 52) भगंदरावर (गुदद्वाराच्या आतून बाजूच्या त्वचेपर्यंत तयार झालेला, पू वाहणारा नळीसारखा मार्ग) दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. जखम भरली असे वाटले, पण गेल्या दिवाळीनंतर त्याच बाजूला पुन्हा पुटकुळी आली आणि तेव्हापासून रोज थोडाथोडा पू येतो. दादा हल्ली डाव्या मांडीवर भार देऊन कलता बसतो आणि बाहेर पडताना गॉजची घडी खिशात ठेवतो. त्याविषयी तो चकार शब्द काढत नाही, म्हणून मी लिहीत आहे.

एमआरआयनुसार मार्ग बाह्य संवरणी स्नायूच्या (गुदद्वार आवळून धरणाऱ्या बाहेरच्या स्नायूच्या) बऱ्याच वरच्या भागातून जातो आणि त्याला एक आडवी शाखा आहे. तो सरळ उघडला तर जितका स्नायू कापला जाईल, तितका मल आणि वायू रोखून धरण्यावर परिणाम होण्याचा धोका वाढतो. उलट स्नायू वाचवताना आतले तोंड किंवा शाखा राहून गेली, तर दुखणे परत उलटते, असे शल्यचिकित्सकांनी समजावून सांगितले. पहिल्या वेळी एमआरआय काढलाच नव्हता, त्यामुळे ही शाखा तेव्हाच राहिली असावी, अशी माझी शंका आहे. आता आधी सेटनचा दोरा (मार्गातून ओवून ठेवलेला सैल दोरा) घालून निचरा मोकळा ठेवायचा आणि नंतर लिफ्ट पद्धतीची (स्नायू न कापता, आतल्या व बाहेरच्या संवरणी स्नायूंच्या मधे मार्ग बांधून तोडण्याची) शस्त्रक्रिया करायची, असे ठरत आहे.

दादाला मधुमेह आहे; त्याचे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) 9.4 टक्के आहे आणि दिवसाला विड्यांचे एक बंडल संपते. वाढलेल्या साखरेने जखम रेंगाळते, धूम्रपानाने तिथला रक्तपुरवठा घटतो. आधीची शस्त्रक्रिया हाही धोकाच, पण तो आता पुसता येत नाही. दोरा घालायला उशीर नको, हे कळते, कारण मधुमेहात साचलेला पू झपाट्याने पसरू शकतो. प्रश्न दुसऱ्या टप्प्याचा आहे.

ज्यांच्या घरी असे झाले आहे, त्यांनी कृपया सांगावे : साखर कितपत आटोक्यात आल्यावर तुमच्याकडे दुसरा टप्पा केला, आणि विडी किती आठवडे आधी बंद करायला लावली? मागच्या वेळी ऊतक क्षयरोगाच्या तपासणीला पाठवले नव्हते. या वेळी आम्ही तसा आग्रह धरावा का? क्षारसूत्राचा (आयुर्वेदातील औषधी लेप दिलेल्या दोऱ्याचा) सल्ला बरेच जण देतात, परंतु तो दोराही स्नायू हळूहळू कापतच पुढे सरकतो, तेव्हा इतक्या वरच्या मार्गासाठी तो कोणी वापरला असल्यास पुढे नियंत्रण कसे राहिले, तेही लिहावे. निर्णय डॉक्टरांचाच राहील. येत्या सोमवारी त्यांना नेमके काय विचारायचे, एवढेच मला ठरवायचे आहे.