पी. एम. रोडमधले पी. एम. म्हणजे नक्की कोण?

लोकलचा_पास: सीएसएमटीला उतरून रोज महापालिकेच्या बिल्डिंगसमोरून जातो, तिथला पुतळा सर फिरोजशहा मेहतांचा आहे हे काल कळलं. ऑफिस पी. एम. रोडला, आणि इतकी वर्षं मी पी. एम. म्हणजे प्राइम मिनिस्टर समजत होतो 😅 शाळेत 'मवाळ नेते' यापलीकडे काही शिकवलं नाही. पुतळा नेमका महापालिकेसमोरच का?

जुनी_फाईल: कारण ती महापालिका बरीचशी त्यांच्या डोक्यातून आलीय. १८६८ साली बॅरिस्टर होऊन परत आले आणि १८७१ मध्ये, म्हणजे पंचविशीतच, जाहीर मांडणी केली की कारभाराला आयुक्त एकच असावा, सरकारने नेमलेला, पण त्याच्या डोक्यावर लोकांनी निवडलेली सभा हवी. मग १८८८ चा कायदा, त्यातही त्यांचा मोठा हात. आजही मुंबई त्याच कायद्यावर चालते (अर्थात दुरुस्त्या ढीगभर झाल्यात), त्यामुळे नगरसेवक विरुद्ध आयुक्त हे भांडण जुनंच आहे बरं का.

गायकवाडवाडा: एवढंही डोक्यावर घेऊ नका राव. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन नागपूरला ठरलेलं, तिथे टिळकांचा जोर म्हणून सुरतेला हलवलं, त्यात हेच पुढे. मग भर मंडपात जोडा आला तो बंगालचे मवाळ नेते सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून ह्यांनाही लागला. टिळकांचा गट काँग्रेसमध्ये परत आला तो १९१६ ला, हे १९१५ ला गेल्यावरच.

जुनी_फाईल: हट्टी होतेच, नाही कोण म्हणतंय. पण १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या बिलावर गोखल्यांना घेऊन मुंबई कौन्सिलमधून उठून बाहेर पडले तेही हेच ना? मवाळ म्हणजे मिळमिळीत नव्हे.

चहा_कटिंग: गांधीजींचा किस्सा राहिलाच की. राजकोटला गोऱ्या साहेबाने शिपायाकरवी बाहेर काढलं तेव्हा ह्यांचा सल्ला मागितला, तर म्हणाले नवीन आहेस, अपमान गिळ, केस केलीस तर तूच संपशील. पुढे १८९६ ला मुंबईच्या सभेत गांधीजींचा आवाजच पोचेना, पण भाषण आधीच छापून घ्यायला ह्यांनी लावलं होतं, म्हणून काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी ते वाचून वेळ निभावली.

लोकलचा_पास: भारी! उद्या जाताना पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांबतो, लेटमार्क लागला तर बॉसला हा धागा दाखवीन.