ग्रॅम्पियन्सची शिराझ : पातळ म्हणायची की नजाकतीची?

भटका_पुणेकर

नमस्कार. मेलबर्नला आल्यापासून मी प्रामुख्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीची शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची तांबडी वाइन) पीत आलो आहे आणि त्याआधी पुण्यात असताना नाशिकची पीत असे. त्यामुळे शिराझ म्हणजे गडद, दाट, पिकलेल्या जांभळाची आणि चॉकलेटची आठवण करून देणारी, घशाखाली उतरताना ऊब देणारी वाइन, हे समीकरण डोक्यात पक्के बसले आहे. नुकतीच व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडील ग्रॅम्पियन्स भागातली एक बाटली उघडली आणि हे समीकरण डळमळले. रंग माणकासारखा लाल, पेल्यातून पलीकडची बोटे दिसतील इतका मोकळा. मद्यार्क १३.५ टक्के. वासाला आधी काळी मिरी, मग तांबडी बोरेवजा फळे, थोडा फुलांचा आणि थोडा ओल्या पाल्याचा गंध. तोंडात फळाचा भरणा बेताचाच, पण एक आंबटसर ताजेपणा शेवटपर्यंत टिकून होता.

पहिल्या पेल्याला ती मला पातळ वाटली. तरीही बाटली संपेपर्यंत कंटाळा आला नाही, जो बरोसाच्या दुसऱ्या पेल्यानंतर हमखास येतो. जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. हा सगळा फरक हवामानामुळे पडतो का? अशी वाइन पिताना लक्ष नेमके कशाकडे द्यावे? आणि नजाकतीच्या नावाखाली कच्च्या द्राक्षांची वाइन गळ्यात मारली जात नाही ना, हे कसे ओळखावे?

द्राक्षवेल

मिरी आपल्याला लगेच जाणवली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हा गंध रोटंडोन नावाच्या संयुगाचा असतो, आणि स्वयंपाकघरातल्या काळ्या मिरीलाही तिचा खास वास त्याच संयुगामुळे येतो. ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी शिराझमधला हा धागा शोधून २००८ साली प्रसिद्ध केला. एक लिटर तांबड्या वाइनमध्ये अवघे १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असले तरी बहुतेकांच्या नाकाला ते कळते. गंमत अशी की, त्याच अभ्यासात साधारण पाचातल्या एका माणसाला ते खूप वाढवले तरी जाणवले नाही. त्यामुळे एकाच टेबलावर बसलेल्या दोघांपैकी एक जण ‘मिरी आहे’ आणि दुसरा ‘अजिबात नाही’ म्हणत असेल, तर दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे.

रोटंडोन द्राक्षाच्या सालीत साठते आणि त्याला ऊन मानवत नाही. घड सावलीत असतील, पिकण्याच्या शेवटच्या आठवड्यांत हवा गार असेल, तर ते वाढते. मण्यांचे तापमान बराच वेळ २५ अंशांच्या वर राहिले, तर ते घटते. ग्रॅम्पियन्समधल्या माउंट लँगी गिरान या मळ्यात, अराराट गावाजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी, संशोधकांनी एकाच बागेच्या निरनिराळ्या तुकड्यांतली द्राक्षे तपासली, तेव्हा बागेतही मिरी सारखी पसरलेली नसते आणि तिचा हा नकाशा एका हंगामाकडून दुसऱ्या हंगामात बऱ्याच अंशी तसाच राहतो, असे आढळले. म्हणजे आपण ज्याला ‘प्रदेशाची चव’ म्हणतो, ती कधी कधी उताराच्या एखाद्या कोपऱ्यापुरतीही असू शकते.

ताजेपणाचे कारण याहून सोपे आहे. उष्ण हवेत साखर झपाट्याने चढते आणि आम्ल तितक्याच झपाट्याने उतरते. अनेक ठिकाणी मग वाइन करताना टार्टरिक आम्ल वरून घालावे लागते. रात्री गार असतील तर द्राक्ष सावकाश पिकते, साखर बेताची असतानाच साल आणि बिया परिपक्व होतात आणि मूळचे आम्ल बरेचसे टिकते. ग्रॅम्पियन्समध्ये तोडणी एप्रिलपर्यंत लांबते, ती याच संथपणामुळे. नाशिकला ऑक्टोबर छाटणीनंतर जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्ष हाती येते. तिथल्या रात्री गार असल्या तरी दिवसभरचे लख्ख ऊन आणि काढणीच्या सुमाराला चढणारा पारा यांमुळे तिथल्या शिराझचा कल फळाच्या गोडव्याकडेच राहतो. यात तिचा काही दोष नाही.

मरेकाठचा

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु सगळे श्रेय हवेला देऊ नये. तळघरात काय घडते तेही पाहावे. कॅनबेराजवळच्या क्लोनाकिला या मळ्याचे उदाहरण बोलके आहे. तिथले टिम कर्क १९९१ साली फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात गेले, तिथल्या कोत-रोती या वाइन-प्रदेशातल्या गिगाल या उत्पादकाच्या वाइन त्यांनी चाखल्या आणि परतल्यावर १९९२ च्या हंगामापासून शिराझबरोबर थोडे व्हियोन्ये हे पांढरे द्राक्ष एकत्र आंबवायला सुरुवात केली. कोत-रोतीच्या नियमांत व्हियोन्ये २० टक्क्यांपर्यंत चालते, प्रत्यक्षात बहुतेक जण त्याहून पुष्कळ कमी घालतात. पांढऱ्या द्राक्षाने तांबडी वाइन फिकी व्हावी असे वाटते, पण एकत्र आंबवल्यावर रंग उलट अधिक स्थिर होतो आणि वासाला जर्दाळूची व फुलांची पुसट झाक येते.

दुसरी बाब देठांची. काही जण घड मोडून मणी वेगळे न करता अख्खे घडच आंबवायला टाकतात. त्यामुळे वाइनला मसालेदार, थोडा सुक्या काडीसारखा गंध येतो आणि तुरटपणा वेगळ्या पोताचा होतो. आपल्याला जाणवलेला ओल्या पाल्याचा वास बहुधा इथून आला असावा. अशा मळ्यांत नव्या ओक पिंपांचा वापरही हात राखून होतो, कारण व्हॅनिलाचा वास आला की मिरी आणि फुले दोन्ही दबतात. काही उत्पादक या शैलीच्या बाटलीवर शिराझऐवजी सिरा असे छापतात. द्राक्ष एकच, आणि दुकानात निवड करताना ती खूण उपयोगी पडते.

ही शैली कालपरवाची फॅशन आहे असा समज मात्र होऊ नये. ग्रेट वेस्टर्न गावात हेन्री बेस्ट यांनी १८६६ साली मळा उभारला आणि तिथल्या १८६८ च्या लागवडीतले शिराझचे वेल आजही द्राक्षे देतात. त्यांचे बंधू जोसेफ यांनी शेजारीच सोन्याच्या खाणीतल्या बेकार कामगारांकडून जमिनीखाली वाइन साठवायची भुयारे खोदून घेतली. सोने संपले तरी कामगारांचे कुदळकौशल्य वाया गेले नाही, हे मला आवडते.

जुनाजाणता

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. नजाकतीचे कौतुक करणाऱ्यांच्या गर्दीत मी सहसा नसतो, कारण त्या नावावर कच्ची, करकरीत आंबट वाइन महाग किमतीला विकलेली मी पाहिली आहे. दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलियात २०११ चा हंगाम फार थंड आणि पावसाळी गेला. त्या वर्षीच्या काही बाटल्यांत मिरी भरपूर होती, पण मिरीच्या मागे उभे राहायला फळच नव्हते. मिरी असणे म्हणजे वाइन उत्तम असणे नव्हे.

माझी कसोटी अशी आहे. वाइन गिळल्यावर घड्याळाकडे न पाहता केवळ लक्ष द्यावे : चव लांबत जाते का, आणि लांबताना तिच्यात फळ शिल्लक राहते का? कच्च्या वाइनमध्ये फळ आधी जाते आणि मागे नुसते आम्ल व हिरड्यांना ओरखडणारा तुरटपणा उरतो. चांगल्या वाइनमध्ये आम्ल वेगळे काढून दाखवता येत नाही. ते फळाला ताठ ठेवते इतकेच कळते. टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, असते, पण बारीक, आणि जिभेच्या एका जागी न साचता सगळीकडे समान पसरते. हिरव्या ढोबळी मिरचीचा किंवा कापलेल्या गवताचा वास पुढे असेल, तर मी ती बाटली दुसऱ्यांदा घेत नाही. रंग फिका असणे आणि मद्यार्क कमी असणे या दोन्ही गोष्टींवरून मात्र काहीही सिद्ध होत नाही. आपली बाटली शेवटपर्यंत कंटाळवाणी झाली नाही, यावरून ती कच्ची नसावी, असे माझे अनुमान आहे.

चुलीवरची

पिण्याच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. तांबडी वाइन ‘घरातल्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला युरोपातल्या जुन्या, गार घरांसाठी होता. ३० अंशांच्या खोलीत ही शिराझ मद्यार्काचा भपका तेवढा देईल आणि तिचे फूल-मिरी दोन्ही हरवतील. फ्रीजमध्ये गार करून १५-१६ अंशांना घ्यावी, पोट मोठे असलेल्या पेल्यात एक तृतीयांशच ओतावी आणि पहिल्या घोटावरून मत बनवण्याची घाई करू नये. अशी वाइन पेल्यात वीस-पंचवीस मिनिटांनी खुलते.

जेवणाचे म्हणाल, तर तांबड्या रश्श्याशी तिची जोडी लावू नका. मिरचीचा जाळ आणि मद्यार्क एकमेकांना चढवतात आणि टॅनिन खरखरीत लागते. तिखट बेताचे ठेवून धणे, मिरी आणि भाजलेल्या खोबऱ्यावर केलेले सुके मटण मात्र उत्तम जमते; भाजलेले लॅम्ब, बदक किंवा परतलेली मशरूमही. भरली वांगी चालतील, पण गूळ अगदी कमी घाला, कारण गोड पदार्थापुढे हीच वाइन उगाच आंबट आणि तुरट लागते.

भटका_पुणेकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘जुनाजाणता’ यांची कसोटी लावून पाहण्यासाठी त्याच वर्षाच्या आणखी दोन बाटल्या आणल्या आहेत. एक येत्या रविवारी सुक्या मटणाबरोबर उघडेन. दुसरी काही वर्षे ठेवण्यात अर्थ आहे का? माझ्याकडे तळघर नाही, फक्त एक भिंतीतले कपाट आहे.

जुनाजाणता

अर्थ आहे, पण कपाटात नाही. आम्ल आणि टॅनिन दोन्ही नीट असलेली ग्रॅम्पियन्सची शिराझ दहा वर्षे सहज टिकते; ताजे फळ मागे पडून चामड्याचा, ओल्या मातीचा गंध पुढे येतो. त्यासाठी १२ ते १५ अंशांचे स्थिर तापमान लागते, आणि मेलबर्नचा उन्हाळा भिंतीतल्या कपाटाला ते देणार नाही. वाइनसाठीचा छोटा फ्रीज घेणार असाल तर ठेवा. बाटलीला फिरकीचे झाकण असेल, तर ती आडवी ठेवण्याचीही गरज नाही. फ्रीज घेणार नसाल, तर दुसरीही पुढच्या हिवाळ्याच्या आतच उघडा.