मदत हवी आहे: सोसायटीतला कॅटीडिड (लांब मिशांचा नाकतोडा) नव्या जातीचा वाटतोय, वर्णन कसं लिहितात?

शिरीषाखालची

नमस्कार मंडळी. इथे किड्यामुंग्यांतले जाणकार आहेत, म्हणून विचारते. मी गोरेगाव पूर्वेला राहते, सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे आरे सुरू होतं. जूनअखेरीस कुत्र्याला फिरवताना विलायती शिरीषाच्या खोडावर टॉर्च मारला आणि सालीची एक ढलपी चालायला लागली. राखाडी-तपकिरी, मधूनच शेवाळी ठिपके, पुढचे दोन्ही पाय आणि मिशा नाकासमोर ताणून सालीला चिकटवलेल्या. मिशा अंगाहून लांब. पुढच्या दोन महिन्यांत तोच प्रकार आणखी पाचदा दिसला. त्यात एक मादी, मागे अंडी घालायची वाकडी सुरी असलेली.

फोटो एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. तिथल्या एका सद्गृहस्थांनी "हे कुठेच सापडत नाही, नवी जात आहे, तुमचंच नाव देऊन टाका" असं जाहीर केलं. तेव्हापासून घरात मला "काय, नाकतोडेबाई" अशी हाक आहे.

एक नर जिन्यात ट्यूबखाली मेलेला मिळाला. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून हॅण्ड सॅनिटायझरमध्ये बुडवून ठेवलाय. आता पुढे काय? नव्या जातीचं वर्णन नेमकं कोण लिहितं, कुठे छापतात, माझ्यासारख्या बँकेतल्या बाईने लिहिलं तर चालतं का? आणि नावाचं काय?

कांदळवनी

ताई, अभिनंदन, आणि लगेच थोडं थंड पाणी.

ग्रुपवर फोटो जुळला नाही याचा अर्थ एवढाच की त्या ग्रुपवर कोणाला तो ओळखता आला नाही. प्राण्यांची शास्त्रीय नावं १७५८ पासून धरतात. म्हणजे तुमचा किडा नवा ठरवायचा तर तेव्हापासून आजवर त्याच्या प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) जेवढ्या जाती लिहिल्या गेल्या, त्या प्रत्येकीहून तो वेगळा कसा, हे दाखवावं लागतं. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय साथ्रोफिलिया या प्रजातीवर. सालीसारखे दिसणारे हे कॅटीडिड भारतात आहेतच. ते ज्या उपकुळात येतात, त्यावर ब्रुनर फॉन वाटेनविल या कीटकतज्ज्ञाने १८९५ साली भला मोठा जर्मन ग्रंथ लिहिला आणि त्याचा संग्रह आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. शंका आली की शेवटी असल्या जुन्या, टाचणीवरच्या नमुन्यांचे फोटो मागवावे लागतात. सुरुवात मात्र ऑर्थोप्टेरा स्पिशीज फाइल या (नाकतोडे-रातकिड्यांच्या जातींची यादी असलेल्या) संकेतस्थळावरून करा, फुकट आहे.

रंगावर जाऊ नका. एकाच जातीत हिरवा, तपकिरी, ठिपक्यांचा असे सगळे निघतात. बघायचं ते नराच्या शेपटाकडे: दोन्ही बाजूंची आकड्यासारखी टोकं (सर्साय), आणि खालची पट्टी कशी कापलेली आहे. मादीत सुरीची लांबी, वाक आणि कडेचे दात. मग मापं: अंग, मानेमागची ढाल म्हणजे प्रोनोटम, पुढचा पंख, मागची मांडी. एका नगावर भागत नाही, नर-मादी मिळून निदान काही नग हवेत.

बँकेतल्या बाईने लिहिलं तरी चालतं, प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांत पदवीची अट नाही. पण २००० पासून नव्या जातीसाठी एक नमुना होलोटाइप (नाव ज्या नमुन्याला कायमचं जोडलेलं असतं तो) म्हणून ठरवावा लागतो, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार हे छापावं लागतं. नाहीतर नाव ग्राह्यच धरत नाहीत. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापणार असाल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणीही लागते, ही सोय २०१२ पासूनची. व्हॉट्सॲपवरचं नाव शून्य. शिवाय २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे विचारा. मुंबईतच कोणाला दाखवायचं तर लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउस, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा (बीएनएचएस) कीटकसंग्रह तिथे आहे.

स्वतःच्या नावावरून स्वतः नाव देणं नियमात बसतं, पण लोक हसतात. दुसऱ्याने वर्णन लिहून तुमचं नाव दिलं तर ते शोभतं. बाईच्या नावाला शेवटी "-ए" लागतं, पुरुषाच्या "-आय".

आणि हो, सॅनिटायझर! अरेरे.

चाळकरी७०

आमच्या गिरगावात याला रातकिडा म्हणतात आणि चपलेने मारतात.

रात्रपाळी

@चाळकरी७०, रातकिडा नव्हे. रातकिड्याचा उजवा पंख वर असतो, कॅटीडिडचा डावा. गंमत म्हणून नाही सांगत, गाणं तिथूनच निघतं. डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला कानशीसारखी दातांची रेघ असते, ती उजव्या पंखाच्या कडेवर घासते. ऐकायचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली.

ताई, गाणं रेकॉर्ड केलंत का? दिसायला अगदी सारखे आणि गाणं वेगळं, असं कॅटीडिडमध्ये होतं. दक्षिण भारतातल्या मेकोपोडा नावाच्या कॅटीडिडांत गाण्यांचे असे वेगवेगळे प्रकार सापडले आहेत, किडे मात्र वरून ओळखू येत नाहीत. फोनवर अवलंबून राहू नका. बहुतेक फोन आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेतात, आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच येत नाही, आणि कित्येक कॅटीडिड त्याच्याही वर गातात. ऑडिओमॉथसारखं रेकॉर्डिंगचं यंत्र ३८४ हजारांपर्यंत जातं. रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, दाबून लहान होतं. शेजारी तापमान लिहा. गारव्यात गाणं संथ होतं, आणि आकडा नसेल तर दोन रेकॉर्डिंगची तुलनाच करता येत नाही.

शिरीषाखालची

सगळ्यांचे आभार. कांदळवनीदादा, तुमचं "अरेरे" खरं ठरलं. बाटली काढून बघितली तर शेवाळी ठिपके गायब, सगळा किडा चहाच्या चोथ्यासारखा झालाय. नशीब, आधी सहा फोटो काढले होते. पंख पूर्ण वाढलेले आहेत, तेव्हा पिल्लू नसावं. पुतणीच्या भिंगाखाली बघितलं, डावा पंख वर आहे!! पुढचा नमुना कसा ठेवू? आणि राष्ट्रीय उद्यानात जाऊन शोधू का?

कांदळवनी

उद्यानात नको. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय किडाही उचलायचा नाही. आरेचाही काही भाग आता राखीव वन आहे. तुम्ही आपल्या आवारातच थांबा.

पुढचा नमुना फ्रीझरमध्ये मारा. मागचा एक पाय ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. तसलं अल्कोहोल दुकानात सहज मिळत नाही, ओळखीच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मागा. बाकीचं अंग टाचणीवर, टाचणी प्रोनोटमच्या उजव्या अंगाने मागच्या बाजूला. डाव्या पंखाला धक्का लावू नका, दात त्याच्यावर आहेत. चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ, झाड आणि तुमचं नाव. चिठ्ठी नसलेला किडा नुसता किडा. जिन्यातला फेकू नका, त्याचीही मापं घ्या.

शिरीषाखालची

चिठ्ठी! जिन्यातला कोणत्या तारखेचा, तेच लिहिलेलं नाही. गणपतीच्या आधीचा शनिवार होता एवढं आठवतंय, कारण मखराचं सामान आणून जिना चढत होते. फोटोवरची तारीख चालेल ना?

काल रात्री साडेनऊला खोडाजवळ खुर्ची टाकून बसले. वॉचमन दोनदा विचारून गेला, काय हरवलंय म्हणून. नर पंख उचलून थरथरवत होता, टॉर्चमध्ये अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कुत्रा मात्र मान वाकडी करून त्याच्याकडेच बघत होता.

रात्रपाळी, तुमच्याकडे ते यंत्र आहे का? रविवारी येता येईल? स्टेशनपासून रिक्षा मिळते, रात्री उशीर झाला तर जेवण आमच्याकडे.

रात्रपाळी

आहे. सव्वाआठपर्यंत पोचतो. कुत्रा बांधून ठेवा, त्याच्या गळ्यातल्या साखळीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त येतो.