प्रकाश-उत्प्रेरकाने नायट्रोजनपासून अमोनिया: नेमके अडते कुठे?

कुतूहल (प्रश्न):
कारखान्यात अमोनिया बनवण्याच्या हेबर-बॉश पद्धतीत ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो, शिवाय हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासून मिळवावा लागतो. याउलट लोहमिश्रित टायटॅनियम डायऑक्साइड या प्रकाश-उत्प्रेरकावर (प्रकाश पडल्यावर अभिक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावर) अतिनील प्रकाश पाडून, नायट्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्यापासून अमोनिया मिळाल्याचे श्राउझर आणि गुथ यांनी १९७७ मध्येच प्रसिद्ध केले होते. मग ही पद्धत अजून प्रयोगशाळेबाहेर का पडली नाही? नायट्रोजनच्या रेणूतील तिहेरी बंध मजबूत आहे, एवढेच कारण आहे का?

स्फटिक:
बंध मजबूत आहे हे खरेच (सुमारे ९४५ किलोज्यूल प्रति मोल), पण तेवढ्याने उलगडा होत नाही. सहा इलेक्ट्रॉन आणि सहा प्रोटॉन घेऊन होणारे संपूर्ण क्षपण (इलेक्ट्रॉन मिळून नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर) विभवाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन ढकलायला लागणाऱ्या विद्युत जोराच्या, दृष्टीने फारसे अवघड नाही. घोडे अडते ते पहिल्याच पायरीवर. नायट्रोजनच्या रेणूला पहिला इलेक्ट्रॉन आणि पहिला प्रोटॉन देण्यासाठी प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे उणे ३.२ व्होल्ट विभव लागते, आणि टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये प्रकाशाने उत्तेजित झालेले इलेक्ट्रॉन त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. म्हणून सगळी भिस्त पृष्ठभागावरील ऑक्सिजनच्या रिक्त जागांवर असते: तेथे उघडा पडलेला धातूचा अणू नायट्रोजनला धरून ठेवतो आणि त्याच्या बंधविरोधी कक्षकांत इलेक्ट्रॉन ढकलून बंध सैल करतो. मात्र तेच इलेक्ट्रॉन प्रोटॉनांना मिळाले तर हायड्रोजन वायू कितीतरी सहज तयार होतो. त्यात २५ अंशांना आणि एका वातावरण दाबाला लिटरभर पाण्यात नायट्रोजन विरघळतो तो जेमतेम ०.६५ मिलिमोल. शिवाय हा उत्प्रेरक मुख्यतः अतिनील किरणच शोषतो, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असतो.

कुतूहल:
आभारी आहे. पण मिथेनॉल घातल्यावर अमोनियाचे उत्पादन अनेक पटींनी वाढल्याचे काही निबंधांत दिसते. मग त्या मार्गाने पुढे का जाऊ नये?

प्रयोगवही:
मिथेनॉल धन प्रभाराच्या पोकळ्या (उत्तेजित इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे उरणाऱ्या जागा) स्वतःकडे घेते, त्यामुळे इलेक्ट्रॉन मोकळे राहतात, हे तत्त्व बरोबर आहे. पण मग आपण पाणी नव्हे, मिथेनॉल खर्च करत असतो. त्याहून मोठी अडचण मोजणीची आहे. मिथेनॉलच्या ऑक्सिडीकरणातून फॉर्माल्डिहाइड तयार होते आणि ते नेसलर अभिकर्मकाच्या (अमोनिया असल्यास रंग देऊन त्याचे प्रमाण दाखवणाऱ्या रसायनाच्या) रंगात ढवळाढवळ करते, त्यामुळे नसलेला अमोनियाही ‘दिसू’ शकतो. मिळणारे प्रमाण इतके अल्प असते की हवेतील अमोनिया, नायट्रोजन सिलिंडरमधील नायट्रोजन ऑक्साइडे, इतकेच काय, हातमोजेसुद्धा निकाल फिरवू शकतात. कार्बन नायट्राइडसारख्या उत्प्रेरकात तर नायट्रोजन मुळातच असतो. म्हणून असा निबंध हाती आला की मी उत्पादनाचा आकडा नंतर पाहतो. आधी नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड, ओळखता येणारा समस्थानिक) वापरलेला प्रयोग शोधतो, कारण त्यावरून अमोनियातला नायट्रोजन खरोखर त्या वायूतूनच आला का हे कळते. प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रे तपासण्याची पद्धत) वर्णपटात सामान्य अमोनियम आयनाची तीन शिखरे दिसतात, तर नायट्रोजन-१५ असलेल्याची दोनच. अर्थात समस्थानिक वायू आधी शुद्ध करून घ्यावा लागतो, कारण त्यातही नायट्रोजन-१५ असलेला अमोनिया आधीच मिसळलेला असू शकतो. नायट्रोजनऐवजी आर्गॉन वापरून आणि अंधारात केलेले नियंत्रण-प्रयोग (तुलनेसाठीचे प्रयोग) नसतील, तर उत्पादन कितीही पट वाढलेले असो, मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

स्फटिक:
सहमत. तरीही प्रकाशाने हे काम मुळातच होत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. २०१६ मध्ये कॅडमियम सल्फाइडच्या नॅनोदंडांना नायट्रोजिनेज विकराचे (जिवाणूंमध्ये नायट्रोजनचा अमोनिया करणाऱ्या विकराचे) मॉलिब्डेनम-लोह प्रथिन जोडून केलेल्या प्रयोगात एटीपीशिवाय (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूशिवाय), केवळ प्रकाशाच्या बळावर अमोनिया मिळाला, आणि वेग नेहमीच्या जैविक अभिक्रियेच्या सुमारे ६३ टक्के भरला. मात्र हे प्रथिन ऑक्सिजनच्या संपर्कात निकामी होते आणि प्रयोगात इलेक्ट्रॉन पुरवायला वेगळे रसायन घालावेच लागते. त्यामुळे अजैविक उत्प्रेरकांचा अभ्यास सोडून चालणार नाही. फक्त ‘प्रयोगवही’ यांनी सांगितलेली चाळणी लावून तो वाचावा.