परदेशी रुग्णांचा हंगाम आणि आत्तेसासूबाईंची दाढ

कारेलीबागकर: परदेशातून उपचारांसाठी येणाऱ्यांमुळे बडोद्याचे भलेच होत आहे आणि तक्रार करणारे नतद्रष्ट आहेत, असे काल एका सभासदाने येथे लिहिले. तो नतद्रष्ट मीच असल्यामुळे उत्तर देतो. परदेशी रुग्णांवरील उपचारांना निर्यातीचा दर्जा द्यावा, हे 2002 च्या आरोग्य धोरणातच आले होते. आरोग्यावरील सरकारी खर्च 2025 पर्यंत देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्क्यांवर नेण्याचे 2017 च्या धोरणातले वचन मात्र हवेतच राहिले. डिसेंबर उजाडला की माझ्या दुखऱ्या दाढेला तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळते, कारण तेव्हा खुर्चीत विलायतेचा पाहुणा असतो.

अलकापुरीतील दंतवैद्य: त्या पाहुण्यांच्या पैशावरच मी जबड्याचे त्रिमितीय चित्र काढणारे यंत्र घेतले आणि वर्षातले दहा महिने ते इथल्याच लोकांच्या कामी येते. ब्रिटनच्या सरकारी योजनेत इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात, सहसा बसत नाही, म्हणून ते इकडे येतात. पहिल्या फेरीत हाडात स्क्रू बसवतो, हाड धरायला तीन ते सहा महिने जातात आणि दुसऱ्या फेरीत वर कॅप चढते. यात कोणाचे काय लुटले?

दांडिया बाजारची सून: डॉक्टरसाहेब, त्या दोन फेऱ्यांत रुग्ण उतरतो कोठे, तेही सांगा. डिसेंबरात ब्रिटनमधील लेस्टरहून आलेल्या माझ्या आत्तेसासूबाई तीन आठवडे आमच्या मागल्या खोलीत होत्या. रोज मऊ भात, गाळलेले वरण आणि दर जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याचा तांब्या, हे सगळे मी बिनपगारी रजा घेऊन केले. तिकडच्या पाव खर्चात काम झाले, असे त्या निघताना सर्वांना सांगत होत्या. उरलेल्या खर्चातला काही भाग माझ्या ओट्यावर झाला, हे कोणीच म्हणाले नाही.

अलकापुरीतील दंतवैद्य: सासरच्या कुरबुरींचा राग वैद्यकीय पर्यटनावर काढू नये.

दांडिया बाजारची सून: ही कुरबूर नसून हिशेब आहे. माझ्या जागी पगारी बाई आणि हॉटेलची खोली धरून आकडा मांडा, मग स्वस्ताई किती उरते ते पाहू.

निवृत्त परिचारिका: वहिनींशी मी सहमत आहे, पण ही सर्व चर्चा पोटभरल्यांची वाटते. मी सरकारी रुग्णालयात नोकरी केली. छोटा उदेपूर आणि अलिराजपूर या आदिवासी भागांकडून एसटीने येणारे रुग्णही उपचारांसाठीच प्रवास करत; त्यांचे नातलग आवारात चादर अंथरून झोपत आणि एका डब्यात तिघे जेवत. त्यांना पर्यटक म्हणून कोणी मोजले नाही.

कारेलीबागकर: ताईंनी मर्मावर बोट ठेवले. शिवाय आणंद येथून तासाभरावर आहे. सरोगसीसाठी तिथे परदेशी जोडपी येत. 2015 मध्ये सरकारने परदेशीयांना मनाई केली आणि 2021 च्या कायद्याने पैसे घेऊन दुसऱ्याचे मूल आपल्या पोटात वाढवणेच बंद केले. त्या मिळकतीवर ज्या बायकांनी घर बांधायला काढले होते त्यांचे पुढे काय झाले, हे त्या वेळी भरभराटीचे लेख लिहिणाऱ्यांनी सांगावे.

अलकापुरीतील दंतवैद्य: गर्भाशय आणि दाढ एका तराजूत घालणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. तरीही यापुढे डिसेंबर-जानेवारीत सकाळचे दोन तास बडोदेकरांसाठी राखून ठेवीन, म्हणजे कारेलीबागकरांना दोन वर्षांपासून टाळलेली दाढ दाखवायला सबब उरणार नाही.

कारेलीबागकर: उपकार झाले. दर बडोद्याचा असेल की लेस्टरचा, एवढे कळवावे.

दांडिया बाजारची सून: जबडा छान भरून आल्याचा आत्तेसासूबाईंचा काल फोन आला आणि कॅपसाठी त्या एप्रिलमध्ये येत आहेत. डॉक्टरसाहेब, काम तुमच्याकडेच आहे, म्हणून विनंती करते की त्यांना सकाळची पहिली वेळ द्यावी, म्हणजे माझी अर्धीच रजा जाईल.